किलिमांजारोच्या क्रेटरमध्ये उतरायचंय? मग आधी बाहेर कसं यायचं ते ठरवा

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. चौघांचा ग्रुप, वयं ३४ ते ५८, सप्टेंबरमध्ये लेमोशो रूटने ८ दिवसांत किलिमांजारो करणारेत. सह्याद्रीत वर्षभर भटकंती चालू असते, हिमालयातले दोन-तीन ट्रेक झालेत. उहुरू पीकच्या (सगळ्यात उंच टोकाच्या) पाटीजवळ फोटो काढून लगेच मागे फिरायचं त्यांना जिवावर येतंय, आत क्रेटरमध्ये, म्हणजे ज्वालामुखीच्या मुखात, उतरून तिथला ॲश पिट, म्हणजे राखेतला खोल खड्डा, बघायचाय. ऑपरेटर म्हणतोय एक रात्र क्रेटर कँपला राहा, जादा पैसे पडतील पण अनुभव भारी आहे. राहावं का?

मी बरीच वर्षं आपल्या लोकांचे ग्रुप घेऊन तिकडे जातोय त्यामुळे आधी माझं मत सांगून टाकतो, ज्यांना पुढचं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी. ॲश पिट जरूर बघा, त्यासारखी जागा दुसरी नाही. पण क्रेटरमध्ये झोपू नका. आणि चौघंच्या चौघं आत गेलेच पाहिजेत असा हट्ट धरू नका.

आता सविस्तर.

पहिल्यांदा नकाशा डोक्यात बसू द्या, कारण निम्म्या लोकांचा इथेच घोळ होतो. किलिमांजारो म्हणजे एक शिखर नाही, तीन ज्वालामुखी एकमेकांना चिकटलेत. पश्चिमेला शिरा, जो सगळ्यात जुना आणि केव्हाच ढासळून त्याचं पठार झालंय (लेमोशोचे तुमचे सुरुवातीचे दिवस त्याच पठारावर जाणार), पूर्वेला मावेन्झी, ५१४९ मीटरचा दातेरी सुळका, आणि मधे किबो. आपण चढतो तो किबो. किबोच्या माथ्यावर सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा मोठा खोलगट भाग आहे, कॅल्डेरा, आणि उहुरू पीक, ५८९५ मीटर, हा त्या कॅल्डेराच्या दक्षिण कडेवरचा सगळ्यात उंच बिंदू. स्टेला पॉइंट आणि गिलमन्स पॉइंट हेही त्याच कडेवर. म्हणजे तुम्ही उहुरूला जाता तेव्हा खरं तर कडेकडेने चालत असता, डाव्या हाताला दक्षिणेकडच्या हिमनद्या आणि उजव्या हाताला खाली क्रेटर. थकलेली माणसं उजवीकडे बघतच नाहीत हा भाग वेगळा.

मापाचा अंदाज हवा असेल तर आपलं लोणार आठवा. लोणारचा व्यास १.८ किलोमीटर धरतात, किबोचा कॅल्डेरा त्याहून मोठा. फक्त लोणार उल्केच्या धडकेने झालंय आणि हे आतून, ज्वालामुखीचा माथा खचून.

आता आत काय आहे. परातीत मोदक ठेवलाय आणि त्याची शेंडी आत दाबून खड्डा केलाय असं समजा. परात म्हणजे कॅल्डेरा, तिचा तळ बराचसा सपाट, राखेचा आणि बारीक खडीचा. मोदक म्हणजे आतला राखेचा शंकू, त्याच्या माथ्यावरचं वर्तुळ म्हणजे रॉइश क्रेटर, आणि त्याच्या पोटात शेवटचा खड्डा तो ॲश पिट, तीनशे मीटरच्या वर रुंद, शंभर मीटरच्या वर खोल, जवळजवळ गोल. विमानातून काढलेले फोटो बघितले तर वर्तुळात वर्तुळ दिसतं ते हेच. जमिनीवरून मात्र तुम्ही ॲश पिटच्या काठावर पोचेपर्यंत तो दिसत नाही. उहुरूवरूनही त्याचा तळ दिसत नाही, म्हणूनच तर उतरायचं.

रॉइश हे नाव रिचर्ड रॉइश नावाच्या लुथरन मिशनरीचं. हा माणूस १९२० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा वर जायचा. कडेजवळ गोठलेला बिबट्या सापडला होता ती गोष्ट तुम्ही कुठेतरी ऐकली असेल, त्या बिबट्यापाशी १९२६ मध्ये पोचलेला हाच, आणि आठवण म्हणून त्याचा एक कान कापून आणला असं सांगतात. बिबट्या तिथे कशाला गेला होता याचं उत्तर कोणाकडेच नाही. त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर ६ ऑक्टोबरला सगळ्यात वरच्या टोकावर पोचले, आणि मला यातली आवडणारी गोष्ट अशी की तेवढ्यावर ते थांबले नाहीत, १८ ऑक्टोबरला परत वर गेले ते खास क्रेटर बघायला, दुसऱ्या बाजूच्या एका खिंडीतून, जिला आज हान्स मेयर नॉच म्हणतात. म्हणजे पहिल्या चढाईवाल्यांनीसुद्धा समिट आणि क्रेटर ही दोन वेगळी कामं धरली होती, दोन वेगळे दिवस दिले होते. आजकाल पॅकेजवाले दोन्ही एका रात्रीत कोंबतात.

किबो मेलेला नाही, झोपलेला आहे. शेवटचा उद्रेक साधारण दीड-दोन लाख वर्षांपूर्वीचा मानतात, पण आत वाफा अजून निघतात. ॲश पिटच्या आसपास जमिनीतल्या भेगांमधून गरम वाफ, गंधकाचा वास, दगडांवर पिवळे खडे जमलेले. पहाटेच्या थंडीत वाफ जास्त ठळक दिसते, ऊन चढलं की कमी वाटते. काही ठिकाणी जमीन हाताला कोमट लागते आणि तिथून नजर उचलली की समोर बर्फाची भिंत. हे एकाच जागी उभं राहून बघायला मिळणं, त्यासाठी एवढी यातायात करायला हरकत नाही असं मला वाटतं.

बर्फाबद्दल मात्र अपेक्षा कमी करून जा. जुने फोटो बघून लोक येतात आणि विचारतात हिमनदी कुठाय. कॅल्डेराच्या मधोमध जी होती ती फुर्टवेंगलर हिमनदी, १९१२ मध्ये वर गेलेल्या वाल्टर फुर्टवेंगलरच्या नावाची. १९७६ मध्ये तिचं क्षेत्र १ लाख १३ हजार चौरस मीटर होतं, २००० मध्ये ६० हजार, २०१८ मध्ये ११ हजार. आता तुकडे उरलेत. अख्ख्या पर्वतावरचंच बर्फ १९१२ ते २००७ मध्ये ८५ टक्के गेलं. त्यातली गंमत अशी की वर हवेचं तापमान बहुतेक वेळ शून्याखालीच असतं, तिथे बर्फ बरंचसं वितळून ओघळत नाही, कोरड्या हवेत आणि कडक उन्हात थेट वाफ होऊन उडतं, म्हणून त्या भिंती अशा सुरीने कापल्यासारख्या उभ्या असतात. शिवाय वर नवीन बर्फही पुरेसं पडत नाही. उत्तरेकडचा नॉर्दर्न आइसफील्ड अजून आहे, तो बघण्यासारखा आहे. २००० साली ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॉनी थॉम्पसनच्या टीमने इथल्या बर्फात ६ ठिकाणी ड्रिलिंग करून नमुने काढले आणि सगळ्यात खालचं बर्फ सुमारे ११,७०० वर्षं जुनं निघालं. त्या भिंतीखाली उभं राहून फोटो काढायचा मोह होतो, तो आवरा, लांबून काढा. मोठमोठे तुकडे सुटतात आणि सुटण्याआधी सांगत नाहीत.

बरं, आता मुद्द्याचं.

डोंगरात आपल्याला एक सवय असते, काही बिघडलं की खाली उतरायचं. डोकं दुखतंय, उलटी होतेय, तोल जातोय, काही विचार न करता खाली. उंचीच्या आजारावर हेच सगळ्यात खात्रीचं औषध. किलिमांजारोच्या बाहेरच्या उतारावर हे फार सोपं आहे, स्टेला पॉइंटवरून घसरत सुटलात तर दोन-अडीच तासांत हजार मीटर खाली बाराफूला, म्हणजे समिटच्या आधीच्या कँपला. क्रेटरमध्ये हे चालत नाही. आत उतरलात की आणखी खाली जायला जागाच नाही, सगळीकडून कडा. बाहेर पडायचं तर आधी वर चढावं लागतं आणि मग पलीकडे उतरायचं. क्रेटर कँप ५७३० च्या आसपास आणि स्टेला ५७५६, फरक कागदावर नगण्य वाटतो, पण पाय लटपटणाऱ्या माणसाला भुसभुशीत राखेतून आधी सपाटीवरून चालवत आणि मग कडेवर चढवत न्यायचं, तेही अंधारात, याला किती वेळ लागतो ते ज्याने केलंय त्यालाच कळतं. आणि जो स्वतः चालू शकत नाही त्याला उचलणारी माणसंही त्याच हवेत श्वास घेत असतात. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. हेलिकॉप्टर येईल या भरवशावर राहू नका, ती सोय खालच्या कँपांसाठी समजा.

पुढचं सगळं, कोणी जायचं, कधी जायचं, झोपायचं का नाही, हे या एका गोष्टीवरून ठरतं. आत जायची ताकद मोजू नका, आत गेल्यावर परत वर चढायची किती उरेल ती मोजा.

क्रेटर कँपला नको म्हणतो त्याचं पहिलं कारण हेच. दुसरं कारण झोपायच्या उंचीचं गणित. ३००० मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला आहे. बाराफू ४६७० च्या आसपास, तिथून एकदम ५७३०, म्हणजे एका दिवसात हजारच्या वर. उंचीचा आजार बहुतेक वेळा पोचल्या पोचल्या दिसत नाही, काही तासांनी, रात्री झोपेत वर येतो. समिट करून सकाळीच खाली आलेला माणूस म्हणूनच वाचतो, त्रास सुरू व्हायच्या आत तो ३००० मीटरवर जेवत असतो. क्रेटर कँपवाला नेमका त्या तासांत तंबूत पडलेला असतो. शिवाय झोप लागतच नाही हो तिथे. उणे १५-२० तापमान, छातीवर कोणीतरी बसल्यासारखं, डोळा लागला की श्वास अडकून दचकून जाग. भारी अनुभव म्हणतात तो हा. तारे सुंदर दिसतात हे खरं, पण बाहेर येऊन ते बघायची इच्छा किती जणांत उरते ते मी बघितलंय.

तिसरं कारण पोर्टर. तुमच्या चौघांच्या रात्रीसाठी तंबू, किचन, गॅस, टॉयलेट तंबू, आणि पाणी, हे सगळं कोणाच्या तरी डोक्यावरून वर येतं. पूर्वी वरचं बर्फ वितळवून पाणी करायचे, आता ते बर्फही कमी झालंय. पोर्टरच्या ओझ्याला २० किलोची मर्यादा आहे, पण ओझ्यापेक्षा त्यांच्या अंगावर काय आहे ते बघा. तुमच्याकडे उणे २० ची स्लीपिंग बॅग, त्यातल्या बऱ्याच जणांकडे कोणीतरी सोडून दिलेलं जॅकेट आणि झिजलेले बूट. ॲक्लमटाइज, म्हणजे विरळ हवेला सरावलेले, ते असतात हे मान्य, पण थंडी त्यांनाही तेवढीच लागते. ऑपरेटर क्रेटर कँप विकतोय म्हटल्यावर मी पहिला प्रश्न हाच विचारतो की वर राहणाऱ्या पोर्टरांना कोणते तंबू आणि कोणत्या बॅगा देणार. उत्तर द्यायला वेळ लागला की काय ते समजतं.

आणि एक, वेस्टर्न ब्रीच. क्रेटर कँप विकणारे कधीकधी हे गोड करून सांगतात, "थेट क्रेटरमध्येच निघतो रूट, गर्दी नाही." बरोबर आहे, थेट निघतो, कारण साधारण लाखभर वर्षांपूर्वी किबोची पश्चिमेकडची कड ढासळली आणि तिथे खिंडार पडलं, तीच ही ब्रीच. पण जिथून कड ढासळली तिथून दगड अजूनही येतात. जानेवारी २००६ मध्ये तिथल्या दरडीत ३ अमेरिकन ट्रेकर गेले, त्यानंतर रूट काही काळ बंद होता, मग परत उघडला. पूर्वी बर्फाने धरून ठेवलेले दगड आता बर्फ मागे हटल्यावर मोकळे होतायत, म्हणजे परिस्थिती सुधारत नाहीये. ऊन लागायच्या आत, सगळं गोठलेलं असताना, हेल्मेट घालून पार करतात लोक. मी ग्रुप नेत नाही. ज्यांना जायचंय त्यांनी जावं, पण आपण काय करतोय ते माहीत असू द्यावं.

मग करायचं कसं? माझी पद्धत सांगतो.

बाराफूऐवजी त्याच्या वरचा कोसोवो कँप मागा, ४८७० च्या आसपास. आधी परवानगी लागते, आयत्या वेळी मिळत नाही, त्यामुळे बुकिंग करतानाच बोला. दोनशे मीटर आधीच चढलेले असल्यामुळे समिटच्या रात्री तासभर उशिरा निघता येतं आणि बाराफूच्या दिव्यांच्या रांगेत अडकायला होत नाही. रात्री एकच्या सुमाराला निघालात तर सहाच्या आसपास स्टेला, सातपर्यंत उहुरू. आधी उहुरू, मग क्रेटर, हा क्रम बदलू नका. स्टेलावरून थेट आत उतरून नंतर उहुरू करू असं ठरवणारे लोक मग उहुरूच्या चढणीला रडकुंडीला येतात, शिवाय तो चढ उभा आहे, दीडशेच्या वर मीटरचा, भुसभुशीत.

उहुरूला सात-साडेसातच्या आत पोचलात, आणि पोचल्यावर बरं वाटतंय, तर उत्तरेच्या बाजूने आत उतरा. बरं वाटतंय म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण वर गेल्यावर प्रत्येक जण म्हणतो मी ठीक आहे. डोकं थोडं जड असणं चालेल, पण गोळी घेऊनही ठणकत असेल तर नाही. उलटी झाली असेल तर नाही. सरळ रेषेत टाचेला टाच लावून दहा पावलं टाकायला सांगतो मी, जो लडखडला तो थेट खाली. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा ओला खोकला असेल तर चर्चाच नाही. आणि निर्णय गाईडने घ्यायचा, तुम्ही नाही, हे खाली असतानाच सगळ्यांसमोर ठरवून ठेवा. वर गेल्यावर डोकं चालत नाही, हट्ट मात्र व्यवस्थित चालतो.

त्या उताराला साधारण पाऊण तास लागतो. कॅल्डेराच्या तळावर आलात की चालणं सोपं वाटतं, सपाट आहे, आणि इथेच लोक वेग वाढवतात. नका वाढवू, पोले पोले (स्वाहिलीत हळूहळू) म्हणजे इथे सुद्धा पोले पोलेच. मग आतल्या शंकूची चढण. ही दिसते छोटी आणि जीव काढते, एक पाऊल वर टाकलं की अर्धं मागे. आपल्या सह्याद्रीच्या लोकांना याची सवय नसते, कारण आपला डोंगरही लाव्ह्याचाच असला तरी तो भेगांमधून वाहत आलेल्या लाव्ह्याचा कातळ आहे, थरावर थर, पाय टाकला की टिकतो. राख ही आपल्याकडे चालायला मिळतच नाही. काठ्या लांब करा, गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंतचं आवरण) घाला नाहीतर बूट राखेने भरतील, आणि पुढच्याच्या पावलात पाऊल टाका.

वर रॉइश क्रेटरची कड आणि मग ॲश पिट. काठाच्या फार जवळ जाऊ नका, काठ भुसभुशीत आहे, पोटावर झोपून डोकावणारे हिरो मी बघितलेत. आणि खाली पिटमध्ये उतरायचा विचारसुद्धा करू नका. जमिनीतून निघणाऱ्या वायूंपैकी काही हवेपेक्षा जड असतात, खोलगट जागेत साठतात, आणि कार्बन डायऑक्साइडला वास नसतो. गंधकाचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि त्यातली वाईट गोष्ट अशी की प्रमाण वाढलं की नाक मरतं, वास येणं बंद होतं आणि माणसाला वाटतं गेला वास. वाफेच्या भेगेजवळ जायचं तर वारा पाठीवर घेऊन उभं राहा, वाकून तोंड खाली घालू नका, खोकला आला की मागे या. पंधरा-वीस मिनिटं पुष्कळ झाली. पिवळे खडे खिशात घालू नका, नॅशनल पार्क आहे तो, आणि १९८७ पासून युनेस्कोच्या यादीत आहे.

परतताना उहुरूवर परत चढायचं नाही. तळावरून पूर्वेकडे स्टेलाच्या दिशेने सरका, तिथे चढ सगळ्यात कमी आहे, तीसेक मीटर. दहा-साडेदहापर्यंत स्टेला गाठायची हे पक्कं. उहुरूला पोचायला साडेआठ झाले तर क्रेटर रद्द, कितीही बरं वाटत असलं तरी. त्याचं कारण ढग. सप्टेंबर हा कोरडा महिना, हवा बहुतेक वेळ स्वच्छ असते, पण दुपारकडे ढग वर येऊ शकतात, आणि एकदा का धुकं आत भरलं की तो तळ सगळीकडून सारखा दिसतो. राख, राख, आणि राख. पायवाट अशी उमटलेली नसते, वाऱ्याने पुसली जाते. गाईडला वाट माहीत असते, पण सगळ्याच गाईडना नाही. बहुतेक गाईड शेकडो वेळा उहुरूला गेलेले असतात आणि ॲश पिटला फार थोड्या वेळा, कारण कोणी नेच म्हणत नाही. म्हणून ऑपरेटरला स्पष्ट विचारा की जो गाईड देताय तो आत किती वेळा गेलाय. फोनमध्ये ऑफलाइन मॅप ठेवा, स्टेला आणि उहुरूचे पॉइंट टाकून ठेवा, आणि फोन आतल्या खिशात, अंगाला चिकटून, थंडीत बॅटरी पटकन उतरते.

दोन गाईड तरी हवेत, चौघांसाठी तीन असतील तर उत्तम. कारण वर ग्रुप फुटणारच आहे, दोघं आत जातील, दोघं स्टेलावरून खाली जातील, आणि दोन्हीकडे गाईड पाहिजे. एकाच गाईडवर गेलात तर मग सगळ्यात कमजोर माणसाबरोबर सगळे खाली, किंवा त्याहून वाईट, सगळ्यात उत्साही माणसाबरोबर सगळे आत.

त्या दिवसाचा मुक्काम म्वेकाला धरू नका. नेहमीच्या शेड्यूलमध्ये समिट करून थेट ३१०० मीटरवर म्वेका कँपला उतरवतात, क्रेटर करून तेवढं उतरायचं म्हणजे गुडघ्यांचा बाजार. मधे ३८०० च्या आसपास मिलेनियम कँप आहे, तिथे राहा, दुसऱ्या दिवशी सकाळी गेटपर्यंत. ८ दिवसांत हे आरामात बसतं. ६ दिवसांचं माचामे पॅकेज घेतलेल्यांनी क्रेटरचं नाव काढू नये, तेवढ्यात शरीर तयारच होत नाही.

कपड्यांचं फार लिहीत नाही, समिटला लागतं तेच. फक्त दोन गोष्टी जादा. गॉगल चांगला, कॅटेगरी ४ मिळाला तर तोच, बाजूने झाकणारा, कारण आत फिकट राख आणि बर्फ दोन्हीकडून ऊन परत फेकलं जातं आणि तुम्ही तिथे ऊन चढलेलं असताना आहात, रात्री नाही. आणि बफ (गळ्यातून तोंडावर ओढायचा कापडी पट्टा) किंवा मास्क, वारा सुटला की राख डोळ्यात तोंडात जाते. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी त्या दिवशी चष्मा घाला. पाणी उहुरूपर्यंत संपवू नका, एक लिटर मागे ठेवा, बाटली बॅगेत उलटी ठेवा म्हणजे गोठलं तरी झाकणाकडचं शेवटी गोठतं.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, विचारलंत. घ्या, पण तुमच्या डॉक्टरला विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर खास करून. बहुतेकांना १२५ मिलिग्रॅम दोन वेळा एवढं देतात, आणि इथे घरीच एखाद-दोन दिवस घेऊन बघा म्हणजे बोटांना मुंग्या येतात त्याची वर जाऊन भीती वाटणार नाही. डायमॉक्स म्हणजे चिलखत नव्हे. डेक्सामेथासोन, म्हणजे आणीबाणीचं स्टिरॉइड, गाईडच्या किटमध्ये असलं पाहिजे, आहे ना ते डोळ्यांनी बघा. पण ते घेऊन आत उतरायचं नसतं, ते घेऊन खाली पळायचं असतं. हा फरक न कळणारे शिकलेसवरलेले लोकही भेटतात.

तुमच्यातले ५८ वर्षांचे काका आहेत त्यांच्याबद्दल वेगळं विचारलंय. वयाचा उंचीशी फारसा संबंध नाही, तरण्याबांड पोरांना आधी लागतं कारण ती जोरात चढतात. मला काळजी आहे ती गुडघ्यांची आणि बीपीच्या गोळ्यांची. लडाखमध्ये ते कधी ५००० च्या वर झोपले असतील आणि त्रास झाला नसेल तर ती चांगली खूण आहे, हमी नाही. समिटच्या आदल्या दिवशीपर्यंत जेवण नीट जात असेल, वाटेतली बारांको वॉल ही उभी कातळभिंत व्यवस्थित चढले असतील, तर वर जाऊ द्या आणि आतलं उहुरूवर ठरवा. सह्याद्रीत दर रविवारी दोन किल्ले करणं हे पायांसाठी उत्तम आहे, पण ऑक्सिजनसाठी त्याचा काही उपयोग नाही, कळसूबाईसुद्धा १६४६ मीटरच आहे.

आणि शेवटी एक पर्याय, जो बहुतेक ऑपरेटर सुचवत नाहीत कारण त्यात त्यांचा किलिमांजारोचा धंदा वाढत नाही. जर खरी ओढ ज्वालामुखीचं पोट बघायची असेल तर किलिमांजारोच्या आधी तीन-चार दिवस काढून माउंट मेरू करा. ४५६२ मीटर, अरुशाच्या डोक्यावरच आहे. त्याची पूर्वेकडची अख्खी बाजू सुमारे ८००० वर्षांपूर्वी ढासळली, त्यामुळे घोड्याच्या नालेसारखी उभी भिंत उरलीय, आणि आत राखेचा एक सुबक शंकू. शेवटचा उद्रेक १९१० चा, म्हणजे किबोच्या मानाने कालचाच. समिटच्या रात्री तुम्ही त्या भिंतीच्या माथ्यावरून चालता आणि उजाडलं की क्रेटर सगळा खाली दिसतो, आत न उतरता. समोर किलिमांजारो. तंबूंऐवजी हट्स आहेत, खाली रानम्हशी आणि जिराफ असतात म्हणून बंदूकवाला रेंजर बरोबर येतो. ॲक्लमटाइज होऊन मग किलिमांजारोला गेलात की तिथली क्रेटरची बाजी बरीच सोपी होते, माझ्या ग्रुपमधले जे आत उतरून मजेत परत आले त्यातले बरेचसे मेरू करून आलेले होते. फक्त मेरू अरुशा नॅशनल पार्कमध्ये येतो, त्याचं परमिट वेगळं, किलिमांजारोच्या पॅकेजमध्ये ते धरलेलं नसतं, त्यामुळे ऑपरेटरला मेल टाकताना कोसोवो, मिलेनियम, जादा गाईड आणि मेरू, चारहीचे आकडे वेगवेगळे मागा.